घरची कार्यशाळा : एक अनुभव

आपल्या वार्षिकांकात कथा, कविता, एखादे प्रवासवर्णन आणि दोन-तीन वैचारिक लेख असा नेहमीचा बेत असतो. त्यात दगड, मुरूम, पत्रे आणि नटबोल्ट यांविषयी लिहिलेले कितपत शोभेल, अशी शंका माझ्याही मनात होती. परंतु गेल्या वर्षी बी. ए.चे तीन-चार विद्यार्थी काही कामानिमित्त घरी आले, त्यांनी घरामागची कार्यशाळा पाहिली, आणि "सर, हे सगळं तुम्ही स्वतः बांधलं?" असा प्रश्न केला. त्या प्रश्नात कौतुकापेक्षा अविश्वासच अधिक होता. इतिहास शिकविणारा माणूस थापी आणि ओळंबा हाती धरतो, हे त्यांना पटेना. त्यांना मी तेव्हा जे तुटक-तुटक सांगितले, तेच येथे जरा संगतवार सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे घराणे सुताराचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारांचे जे वर्णन आहे, त्यातला सुतार मी पुस्तकात वाचण्याआधी घरीच पाहिला होता. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, तिफणी, वखर आणि बैलगाड्या करीत. बाभळीचे लाकूड, वाकस, रंधा, पटाशी आणि करवत एवढ्यावर त्यांचा संसार चालला. पुढे ट्रॅक्टर आले, लोखंडी अवजारे आली, गाड्यांचे काम आटले. मी शिकून नोकरीला लागलो. आबांची हत्यारे मात्र अंगणातल्या एका पत्र्याच्या छपराखाली पेटीत पडून राहिली.

ती अंगणात का, हे सांगितल्याखेरीज पुढचे काहीच नीट समजणार नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मृत्युमुखी पडली आणि पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. चाकूर त्या पट्ट्यापासून दूर. तरी आमच्या माळवदाच्या घराची मागची भिंत बाहेर झुकली आणि आबा ज्या खोलीत निजत, तिच्या कोपऱ्यात हात जाईल एवढी भेग पडली. मी तेव्हा बारावीत होतो. भिंत पुढे दुरुस्त झाली, भेगही बुजविली. परंतु त्या दिवसापासून आबा घरात निजले नाहीत. थंडी असो, पाऊस असो, त्यांचे अंथरूण अंगणातल्या पत्र्याखाली. "डोक्यावर वजन नको," एवढेच ते म्हणत.

आबांचे म्हणणे भित्र्या माणसाचे नव्हते. माळवदाचे गणित मांडून पाहिले की ते पटते. आपल्याकडील जुन्या घरांत खांब, तुळया आणि लगी यांचा लाकडी सांगाडा असतो, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. गळती लागली की दर दोन-चार वर्षांनी वर आणखी माती पडते. जुनी कोणी काढीत नाही. आमच्या बारा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशा खोलीवर पावणेदोन फूट माती साचली होती. हे सुमारे नऊ घनमीटर होतात. घनमीटरला १,६०० किलो धरले तर एका खोलीच्या डोक्यावर चौदा टन ओझे झाले. उन्हाळ्यात हीच माती घर थंड ठेवते, म्हणून आपल्या पूर्वजांनी ती स्वीकारली, त्यात त्यांचे काही चुकले नाही. परंतु जमीन हलली की हेच वजन आडवे ढकलू लागते.

दुसरा दोष भिंतीत होता. आपल्या जुन्या भिंती दोन ते चार फूट जाड, म्हणून भक्कम वाटतात. वस्तुतः त्या एक भिंत नसून दोन असतात. बाहेरच्या अंगाला घडीव दगड, आतल्या अंगाला दगड, आणि मधे चिपा व माती भरलेली. दोन्ही अंगांना सांधणारा लांब दगड बहुधा नसतो. हादरा बसला की दोन अंगे एकमेकांपासून सुटतात आणि ढासळतात. किल्लारीच्या परिसरात काही घरे अशी आढळली की भिंती पडल्या, पण लाकडी खण तसाच उभा राहून त्याने माळवद पेलून धरले. ज्या घरांत तुळया थेट भिंतीवर टेकल्या होत्या, तेथे भिंतीबरोबर छप्परही आले.

२०१४ साली आमचे जुने घर उतरवायचे ठरले, तेव्हा हे सारे मनात होते. घर उतरविल्यावर उत्तम काळा दगड आणि सागवानाच्या जुन्या लगी-तुळया हाती आल्या. त्या विकून टाकण्याऐवजी घरामागच्या मोकळ्या जागेत एक प्रशस्त कार्यशाळा बांधावी, असे मी ठरविले. लांबी अडतीस फूट, रुंदी चोवीस फूट, म्हणजे सुमारे नऊशे चौरस फूट. एवढी मोठी कशाला, असे अनेकांनी विचारले. बारा फुटांची तुळई करवतीवर घ्यावयाची तर पुढे बारा फूट आणि मागे बारा फूट मोकळे हवेत, हे त्याचे साधे उत्तर. दुसरे उत्तर मी कोणाला दिले नाही. आबांना वजन वाटणार नाही असे एक छप्पर मला बांधावयाचे होते.

आमची जागा काळ्या मातीची. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकविलेला पाया वर्षातून एकदा उचलला जातो आणि एकदा खाली बसतो. म्हणून काळ्या मातीत पहिला नियम असा, की पाया मुरुमापर्यंत न्यावा. आमच्याकडे चार फुटांवर मुरूम लागला. आणखी अर्धा फूट खोल जाऊन आम्ही थांबलो. जेथे मुरूम फार खोल आहे, तेथे तळाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब घालण्याची पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रूढ केलेली आहे. पायाचे चर भरताना उकरलेली काळी माती पुन्हा आत टाकू नये. मुरूमच भरावा आणि पाणी मारून धुमसावा. भिंतीच्या बाहेर सभोवार तीन फूट रुंदीचा फरशीचा उतरता पट्टा करावा, म्हणजे पावसाचे पाणी पायाशी मुरत नाही. हा पट्टा बहुतेक लोक खर्च वाचविण्यासाठी गाळतात आणि दोन वर्षांनी भेगा बुजवीत बसतात.

भिंतीचे काम मी २०१५च्या उन्हाळी सुट्टीत हाती घेतले. मदतीला एक गवंडी आणि एक मजूर. दगड रचणे, मसाला कालविणे मी स्वतः शिकत होतो. पंधरा इंचांची भिंत, सिमेंट एक भाग आणि वाळू सहा भाग. आठ दिवसांत उत्तरेची भिंत तीन फूट वर आली. आबा रोज येऊन पाहत, बोलत नसत. गवंडी सुट्टीवर असताना दोन दिवस मी एकट्यानेच चढाओढीने काम उरकले होते. नवव्या दिवशी आबांनी त्या तुकड्यावर तळहात ठेवला, हातोडीच्या दांड्याने दोन ठिकाणी ठोकून पाहिले आणि म्हणाले,

"ह्या भिताडाला पोट सुटायलंय. पाड."

मी म्हणालो, "आबा, सिमेंट आहे त्यात. मातीचं नाही."

"सिमेंट हाय, पर दगड दगडाला धरीना गेलाय. किल्लारीत काय झालं ते तू पुस्तकात वाचलास. मी भिंतीत बघितलाव."

ओळंबा लावला, तो भिंतीच्या मध्याला पाऊण इंच फुगवटा. घाईत मी सोईचे दगड दोन्ही अंगांना लावीत गेलो होतो आणि मधली पोकळी चिपांनी भरली होती. म्हणजे ज्या चुकीविषयी मी वर्गात विद्यार्थ्यांना सांगत असे, तीच चूक माझ्या हातून सिमेंटमध्ये झाली होती. तो तुकडा पाडावा लागला. सिमेंटमधला दगड सोडविणे हे रचण्याहून दुप्पट कष्टाचे काम आहे, याची नोंद करून ठेवतो.

त्यानंतर नियमाने काम केले. दगडी भिंतीत दर दोन फूट उंचीवर आणि आडव्या अंगाने जास्तीत जास्त चार फुटांवर एक आरपार दगड, म्हणजे भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब दगड, बसवावा. एवढा लांब दगड नसेल तर त्या जागी सळई घालून काँक्रीटचा ठोकळा ओतला तरी चालतो. किल्लारीनंतर उभ्या असलेल्या भिंती मजबूत करताना हीच युक्ती वापरली गेली. भिंत दीड फुटापेक्षा जाड करू नये. खिडकी किंवा दार कोपऱ्यापासून किमान दोन फूट दूर ठेवावे. लांब भिंत सरळ सोडू नये. आमच्या अडतीस फुटांच्या भिंतीला दोन ठिकाणी बाहेरून टेकूभिंती दिल्या, त्यामुळे साडेबारा फुटांपेक्षा थोडे अधिक असे तीन गाळे झाले. छपराच्या कैच्या नेमक्या याच टेकूभिंतींवर बसविल्या.

या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे भिंतीचे पट्टे. पेटीभोवती लोखंडी पट्टी आवळली म्हणजे तिच्या चारही फळ्या एकत्र राहतात, तसेच हे आहे. जोत्याच्या पातळीवर एक, दार-खिडक्यांच्या डोक्यावर दुसरा, आणि छपराच्या खाली तिसरा, असे काँक्रीटचे अखंड पट्टे चारही भिंतींवरून फिरवावेत. जाडी तीन इंच पुरते. आत दोन आडव्या सळया आणि त्यांना दर सहा इंचांवर बारीक सळईची आडवी कडी. कोपऱ्यात सळया वळवून पुढच्या भिंतीत नेल्या पाहिजेत. कोपऱ्यावर तोडल्या तर सारा खर्च वाया. शिवाय चारही कोपऱ्यांत पायापासून वरपर्यंत एक-एक उभी सळई. हे सांगण्याचे कारण असे, की भूकंपविभागांच्या १९८४च्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात दाखविलेला होता. २००२ साली तो पहिला विभागच रद्द करण्यात आला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागात आला. नकाशा नऊ वर्षे उशिरा बदलला. आपण घर बांधताना तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरा पट्टा ओतण्याची तयारी झाली, तो २०१६चा उन्हाळा आला. तो दुष्काळ विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. काँक्रीट ओतल्यावर त्याला निदान सात दिवस, आणि आजच्या मिश्र सिमेंटला दहा दिवस, सतत ओले ठेवावे लागते. पाणी कमी पडले तर काँक्रीट दिसते तसेच, पण आतून कच्चे राहते. आमच्या गल्लीत घागरीसाठी रांगा लागत असताना भिंतीवर पाणी शिंपडणे मला जमण्यासारखे नव्हते, आणि पाण्यावाचून पट्टा ओतणे म्हणजे स्वतःची फसवणूक. काम थांबविले. उघड्या राहिलेल्या सळयांना गंज चढू नये म्हणून सिमेंटचे पातळ पाणी लावले, भिंतीचा माथा झाकला, आणि दाराला कुलूप नसलेल्या त्या चार भिंती सहा महिने तशाच उभ्या राहिल्या. त्या वर्षी पावसाने उशिरा का होईना भरभरून दिले. दिवाळीच्या सुट्टीत पट्टा ओतला, गोणपाट पसरून बारा दिवस भिजविला.

छपरासाठी लोखंडी कैच्या आणि पन्हळी पत्रे घेतले. पत्रे, कैच्या, आडव्या पट्ट्या सारे मिळून दोन-अडीच टन. नऊशे फुटांचे छप्पर अडीच टन आणि जुन्या एका खोलीचे चौदा टन, हा हिशेब मी आबांना कागदावर दाखविला. ते काही बोलले नाहीत, पण कागद घडी करून खिशात ठेवला. दोन्ही टोकांचे त्रिकोण मी दगडाने न भरता पत्र्याने बंद केले, कारण भूकंपात सर्वांत आधी हे दगडी त्रिकोण कोसळतात.

हलक्या छपराला मात्र वाऱ्याची भीती असते. वळवाचे वादळ पत्र्याला वरून दाबत नाही, खालून उचलते. म्हणून कैची भिंतीच्या वरच्या पट्ट्यात पुरलेल्या बोल्टांना आवळली पाहिजे. नुसती वर ठेवून भागत नाही. पत्र्याला भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडावे, खोलगट भागात पाडले तर पाणी नेमके तेथूनच वाहते आणि गळते. बोल्टाखाली रबरी चकती घालावी आणि ती चेपून फाटेल इतके आवळू नये.

पत्र्याचा दुसरा दोष उष्णता. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. त्याला तीन उपाय केले. पत्र्यावर बाहेरून चुन्याचा पांढरा हात दिला. तो दर वर्षी द्यावा लागतो. आत कैचीच्या खालच्या अंगाला बांबूच्या तट्ट्यांचे छत ठोकले, म्हणजे मधे हवेचा थर राहिला. आणि आढ्याजवळ तापलेली हवा बाहेर जाण्यासाठी जाळीच्या फटी ठेवल्या. माळवदाचा गारवा यात नाही, परंतु दुपारी काम करता येते.

उजेडासाठी मोठ्या खिडक्या उत्तरेला ठेवाव्यात, कारण तेथून येणारा प्रकाश सौम्य आणि सारखा असतो, असे सर्व पुस्तके सांगतात. त्यांतील बरीच पुस्तके थंड देशांतली आहेत. चाकूर साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. या अडीच महिन्यांत उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन येते. म्हणून आपल्याकडे उत्तरेलाही दोन फुटांची पाखी बाहेर काढणे आवश्यक आहे.

विजेच्या बाबतीत काटकसर करू नये. दिवे आणि यंत्रे यांच्या तारा वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे यंत्राचा फ्यूज उडाला तरी फिरत्या पात्यासमोर माणूस अंधारात सापडत नाही. जमिनीत कोळसा आणि मीठ भरून अर्थिंगचा खड्डा स्वतः उभे राहून करून घ्यावा. उन्हाळ्यात तो कोरडा पडू देऊ नये. गळतीचा विजेचा प्रवाह तीस मिलिअँपिअरला तोडणारे स्विच मुख्य फळीवर बसवावे. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. जुन्या पद्धतीची ट्यूबलाईट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्यांना ते कळत नाही, पण त्या प्रकाशात विशिष्ट वेगाने फिरणारे पाते स्थिर उभे असल्यासारखे भासू शकते, आणि माणूस त्याला हात लावतो. यंत्रावर निराळा, स्थिर प्रकाश हवा.

जमिनीला शहाबादी फरशी घातली. टेबलाची उंची ठरविण्याचा साधा नियम असा की सरळ उभे राहून हात खाली सोडला असता मनगट येते तेथे टेबलाचा माथा यावा. जुन्या तुळयांच्या फळ्या काढून मी असे एक भक्कम टेबल केले आणि मोठ्या अभिमानाने आबांना दाखविले. ते त्याच्यापुढे उभे राहिले, रंधा हाती घेतला, दोन हात मारले आणि ठेवून दिला.

"हे काय करायलास? उभ्यानं काम होतं व्हय? पायानं लाकूड कसं धरू मी?"

तेव्हा ध्यानात आले. आपला सुतार बसून काम करतो. त्याचे पाऊल म्हणजे त्याचा शिकंजा आहे. सारी कार्यशाळा मी पुस्तकातल्या माणसासाठी बांधली होती, आणि ज्या माणसासाठी बांधावयास निघालो होतो त्याला तेथे बसावयास जागा नव्हती. मग उत्तरेच्या खिडकीखाली जुन्या लगींचा आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि नऊ इंच उंच असा लाकडी ओटा केला. फरशीवर पडले तर पटाशीची धार जाते, लाकडावर जात नाही; शिवाय बसणाऱ्याला गारठा लागत नाही. माझ्या साऱ्या कार्यशाळेत आबांनी नावाजलेली वस्तू ही एकच.

काम पूर्ण झाले ते २०१८च्या उन्हाळ्यात. त्याच वर्षी पावसाळ्यात एक दिवस महाविद्यालयातून दुपारी घरी आलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. कार्यशाळेचे दार उघडे होते. आबा ओट्यावर, वाकस उशाशी ठेवून, गाढ झोपले होते. पंचवीस वर्षांनी ते चार भिंतींच्या आत निजले होते. मी दार तसेच उघडे ठेवून परत फिरलो. पुढे ती त्यांची रोजची जागा झाली, आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले तोपर्यंत राहिली.

विद्यार्थी मित्रहो, आपण कला शाखेचे, आपला यंत्र-हत्यारांशी काय संबंध, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडून द्यावी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली. उलट, डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्यासारखा मोठा शास्त्रज्ञ कंपनीतील संशोधनाची नोकरी सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या खेड्यात गेला आणि त्याने विज्ञान आश्रमात खेड्यातल्या मुलांना बांधकाम, सुतारकाम, वेल्डिंग हातांनी करीत शिकण्याची वाट दाखविली. कागद आणि करवत यांत आडवी भिंत नाही. असली तर तिला आरपार दगड बसवावा लागेल.

माझी कार्यशाळा रविवारी सकाळी उघडी असते. दोन रंधे, चार करवती आणि आबांचा वाकस तेथे आहे. टेबलापाशी उभे राहावे किंवा ओट्यावर बसावे, ज्याला जसे जमेल तसे. फक्त येताना पायात बूट असावेत आणि बाह्या दुमडलेल्या असाव्यात.